प्रति: ऑगस्टमध्ये ड्रायसूट कशाला?
कॅनडातल्या टोबरमोरीला स्कूबा डायव्हिंग करताना भर ऑगस्टात ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा पोशाख) कशाला, असं वर विचारलंय. वरचं पाणी फसवं असतं हो! ह्युरॉन सरोवरात थर्मोक्लाइन (जिथे पाणी एकदम थंड होतं तो थर) ओलांडला की कपाळ ठणकायला लागतं. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड, ते तळाशी बसून राहतं. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं साधन) थंड पाण्याचाच घ्या, नाहीतर गोठून हवा भसाभसा सुटते.

होकायंत्राची दिशा बोटीवरच लावून घ्या. जाड हातमोज्यांत कडं फिरवणं म्हणजे वैताग. १९९९ साली मुद्दाम बुडवलेल्या 'नायगारा २'जवळ मात्र काट्यावर विसंबू नका, जहाज पोलादी आहे. तिथे बोयाचा (वर तरंगणाऱ्या खुणेचा) दोर बरा. मालवणात शिकून आलेल्यांनी (मीही त्यातलाच) पाण्याखाली जायला अंगावर बांधायच्या वजनाचा हिशेब नव्याने करावा: गोड्या पाण्यामुळे थोडं कमी, ड्रायसूटमुळे बरंच जास्त.