मदत हवी आहे: केनेडी खरंच व्हिएतनाममधून बाहेर पडणार होते का?

मंडळी, मित्राशी जोरात वाद चाललाय. तो म्हणतो केनेडी जगले असते तर युद्ध एवढं वाढलंच नसतं, कारण ऑक्टोबर १९६३ च्या मेमो २६३ मध्ये (केनेडी सरकारचा राष्ट्रीय सुरक्षेबाबतचा आदेश) वर्षाअखेर १००० अमेरिकन सैनिक परत आणायचं ठरलं होतं आणि १९६५ संपेपर्यंत बहुतेक सगळे. पण मला पटत नाही, कारण सप्टेंबरमध्येच टीव्ही मुलाखतीत ते माघार घेऊ नये असं म्हणाले होते, शिवाय ती योजना युद्ध नीट चाललंय हे धरून केलेली, आणि नोव्हेंबरात दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांची हत्या झाल्यावर ते गणितच बिघडलं ना? केनेडींचे संरक्षणमंत्री मॅकनमारा नंतर काय म्हणाले ते माहितीये, मला त्या वेळची कागदपत्रं हवीत. मूळ मेमो, बैठकांची रेकॉर्डिंग्ज कुठे मिळतील? कोणी वाचलं असेल तर प्लीज सांगा.