पाकिस्तानातले ख्रिश्चन: भानगड धर्माची की जातीची?

शारजाकर:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आमच्या स्टोअरला पाकिस्तानातल्या फैसलाबादकडचा एक जण आहे, आडनाव मसीह, म्हणजे ख्रिश्चन. चार वर्षं दुपारी डबा एकत्र खातो, त्याची पंजाबी आणि माझी बंबैया हिंदी, मस्त जमतं. पँट्रीत पंधरा-वीस कप पडलेले असतात पण हा स्वतःचा स्टीलचा मग ड्रॉवरमध्ये ठेवतो, स्वतः धुतो आणि परत ड्रॉवरमध्ये. मला वाटायचं टापटिपीचं वेड असेल. परवा सहज विचारलं तर हसला, म्हणाला आदत है भाई, गाँव में चाय की दुकान पे हमारा कप अलग रहता था. मी गारच. मुसलमानांत शिवाशीव नसते, एका ताटात जेवतात असंच आपण ऐकत आलोय ना, मग हे कुठून आलं? आसिया बीबीचं नाव ऐकलंय पण नीट माहिती नाही. कोणी सांगेल का, व्हॉट्सॅप फॉरवर्ड प्लीज नकोत.

बोरूबहाद्दर:
तुमच्या मित्राचा मग आणि आसिया बीबीची केस ही एकच गोष्ट आहे बघा. पाकिस्तानी पंजाबातले बहुतेक ख्रिश्चन म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सियालकोट वगैरे भागात धर्मांतर केलेले चुहडा जातीचे लोक, म्हणजे झाडलोट, मैला, शेतमजुरी. धर्म बदलला, काम तेच राहिलं. आजही तिकडे शहरांतली गटारं साफ करणाऱ्यांत यांचाच भरणा, आणि सफाई कामगार पाहिजेत, फक्त बिगरमुस्लिमांनी अर्ज करावा अशा सरकारी जाहिराती कितीदा निघाल्यात. चुहडा ही तिथे आजही शिवी आहे.

आता आसिया बीबी. जून २००९, इट्टांवाली नावाचं खेडं, शेतात फालसे तोडायचं काम चालू, ऊन मरणाचं. ही पाणी आणायला गेली, तिने आणलेलं पाणी बाकीच्या बायका पिईनात, ख्रिश्चनाच्या हातचं म्हणून. त्यावरून तोंडातोंडी झाली. बस, मूळ भांडण एवढंच. पाच दिवसांनी गावच्या इमामाने एफआयआर केली की हिने पैगंबरांचा अपमान केला. नोव्हेंबर २०१० मध्ये फाशीची शिक्षा, आणि निर्दोष सुटली ३१ ऑक्टोबर २०१८ ला, सुप्रीम कोर्टातून. मधली सगळी वर्षं तुरुंगात.

तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच बॉडीगार्डने इस्लामाबादच्या कोहसार मार्केटमध्ये गोळ्या घातल्या. तासीर मुसलमान होते हे लक्षात घ्या. त्या बॉडीगार्डला कोर्टात आणलं तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, वकिलांनी! दोन महिन्यांत अल्पसंख्याक मंत्री शाहबाज भट्टींनाही मारलं, ते ख्रिश्चन होते.

अवांतर: पाकिस्तानच्या ज्या ईशनिंदा कायद्याखाली ही केस झाली, त्याच प्रकरणातलं कलम २९५-अ इंग्रजांनी १९२७ साली घातलं (ते आपल्याकडेही होतंच), त्याच साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणीच.

स्पष्टवक्ता:
म्हणजे शेवटी सिद्ध झालं ना, जिथे ते बहुसंख्य तिथे बाकीच्यांची हीच गत. इथले सेक्युलर आता कुठे लपले?

वकीलबाई:
@स्पष्टवक्ता, दादा वरचं वाचलंत का? पाणी नको म्हणणाऱ्या बायका कुठल्या मनूच्या हे तुम्हीच सांगा. आणि सरसकट "ते" म्हणू नका, लेबनॉनचा राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिश्चन असतो, सौदीत एकही चर्च नाही आणि दुबईत ऊद मेथाला सेंट मेरीज चर्चमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक देशाचं वेगळं आहे.

मी फौजदारीत आहे म्हणून मला यातलं कोर्टाचं जास्त भयानक वाटतं. अपमानाबद्दल थेट फाशी हे इंग्रजांचं नाही, लष्करशहा झिया-उल-हकच्या काळातलं, २९५-ब आलं १९८२ ला, कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप, आणि २९५-क १९८६ ला, पैगंबरांच्या अपमानाला फाशी. त्यात आडून बोललं, सुचवलं तरी गुन्हा, हेतू होता का हे बघायची भाषाच नाही. खालच्या कोर्टातला जज जमावाला घाबरून शिक्षा ठोकतो, ती वरती कुठेतरी टिकत नाही, पण तोवर माणसाची आठ-दहा वर्षं गेलेली. वकील उभा राहायला तयार नसतो. मुलतानला राशिद रहमान नावाचे वकील जुनैद हफीझ या लेक्चररची केस लढत होते, मे २०१४ मध्ये त्यांना ऑफिसात घुसून मारलं. हफीझ मुसलमानच. एकूण आरोपींत मुसलमानच जास्त असतात, फक्त ख्रिश्चनांची लोकसंख्या जेमतेम सव्वा-दीड टक्का आणि एकावर आरोप झाला की अख्खी वस्ती भोगते, फरक इथे आहे. लाहोरची जोसेफ कॉलनी २०१३ ला अशीच पेटवली, शंभराच्या वर घरं, आणि धरलेले शंभरावर आरोपी २०१७ ला पुराव्याअभावी सुटले.

मडगावची_सून:
थोडं वेगळं सांगते. माझ्या सासऱ्यांची आत्या कराचीत होती, सदर नावाच्या भागात. कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होती ना, त्यामुळे गोव्याची माणसं बोटीने सर्रास तिकडे, कस्टम्स, रेल्वे, शिवणकाम, बँडवाले. सेंट पॅट्रिक्स शाळेत अडवाणी पण शिकले आणि मुशर्रफ पण. गोव्याच्या घराण्यातले जोसेफ कोर्देरो १९७३ ला पाकिस्तानचे पहिले कार्डिनल झाले. आत्या सांगायच्या की साठच्या दशकापर्यंत कसलीच भीती नव्हती, क्रिसमसला शेजारचे मुसलमान केक न्यायला यायचे, देशाचे चीफ जस्टिस कॉर्नेलियस तेव्हा ख्रिश्चन. मग ७२ ला भुट्टोंनी मिशनच्या बऱ्याच शाळा-कॉलेजं ताब्यात घेतली, पुढे झिया आले, आणि पोरं एकेक करून टोरांटोला. पण खरं सांगते, याच आत्या पंजाबी ख्रिश्चनांबद्दल बोलताना नाक मुरडायच्या. ते आमच्यातले नव्हेत म्हणायच्या. चर्चमधली प्रार्थना (मास) एकच, बाकं वेगळी. तेव्हा शारजाकर, जात तिथे चर्चच्या आत पण आहे.

बोरूबहाद्दर:
मडगावची_सून, +१, हे कोणी लिहीत नाही.

शारजाकर, तुमचा मित्र फैसलाबादकडचा म्हणालात, जडांवाला त्याच जिल्ह्यात आहे. (भगतसिंगांचं बंगा गाव जडांवाला तहसिलीतलंच.) १६ ऑगस्ट २०२३, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की कुराणाची पानं फाडून टाकली, आणि एका दिवसात वीसेक चर्च नि ऐंशीच्या आसपास घरं जमावाने फोडली-जाळली. माणसं पोरंबाळं घेऊन रात्रभर उसाच्या फडात बसलेली. नंतर पोलिसच म्हणाले की ज्या दोघा भावांची नावं घेतली त्यांना तिसऱ्यानेच वैयक्तिक खुन्नसमधून अडकवलं होतं. सरकारने घरामागे २० लाख पाकिस्तानी रुपये दिले. काही मुसलमान शेजाऱ्यांनी ख्रिश्चन कुटुंबं घरात लपवली हेही खरं. त्याच्या घरचे सुखरूप आहेत का विचारून बघा, पण जपून.

शारजाकर:
सगळ्यांचे आभार. विचारलं आज. त्याचं गाव जडांवाल्यापासून लांब आहे, पण मेव्हणा तिथलाच, तो बायको-पोरांना घेऊन फडात होता. घरातलं काय वाचलं विचारलं तर म्हणाला शिलाई मशीनचं लोखंड. पोरीचं लग्न ठरलेलं, त्यासाठी ठेवलेले कपडे, पेटी, सगळं गेलं. चेक मिळाला, चर्चला रंगही दिलाय. पण आता पोरांना सांगून ठेवलंय की रस्त्यात अरबी किंवा उर्दू लिहिलेला कागद दिसला तर उचलायचा पण नाही आणि ओलांडायचा पण नाही, वळसा घालून जायचं. सात वर्षांच्या पोराला.

मग त्याने मलाच विचारलं, तुम्हारे यहाँ भी होता है क्या अलग कप? मी नाही म्हणणार होतो आणि आमच्या गावच्या पडवीतलं ते कोनाड्यातलं कान तुटलेलं कप-बशीचं जोडकं आठवलं, गड्याचं. आजी वरून चहा ओतायची. मी होता था म्हणालो. तो म्हणाला, था?

वकीलबाई:
:( 

मडगावची_सून:
शारजाकर, पुढे काय उत्तर दिलंत?

शारजाकर:
काही नाही. डबा उघडला.