मदत हवी आहे: गॅननडॉर्फ सोडू की धरून ठेवू? (स्मॅश अल्टिमेट)

नमस्कार मंडळी,

विषय 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा (समोरच्याला स्टेजबाहेर फेकायचं) आहे आणि लिहिता लिहिता लांबलाय. गेममध्ये रस नसेल त्यांनी खुशाल पुढच्या धाग्यावर जावं, राग नाही.

मी न्यू जर्सीत असतो. ऑफिसपासून जवळच एका दुकानात दर आठवड्याला स्पर्धा होते. नेहमीचेच नियम: तीन स्टॉक (म्हणजे जीव), सात मिनिटं, डबल एलिमिनेशन (दोन सेट हरलात की बाहेर), शेवटचे आठ उरेपर्यंत सेट बेस्ट ऑफ थ्री. मी सुरुवातीपासून गॅननडॉर्फ हे जड, संथ कॅरॅक्टर खेळतो. बहुतेक वेळा एखादा सेट जिंकतो, दोन हरतो आणि मग कोपऱ्यात बसून इतरांचे सामने बघतो.

गॅननच का, हे आधी सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद "टॉप टिअर घ्या" (म्हणजे ताकदीच्या यादीत, टिअर लिस्टमध्ये, वरचं कॅरॅक्टर) असाच येईल. मला या गेममध्ये एकच गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे समोरच्याची सवय ओळखणं. लेजवर (स्टेजच्या कडेला) लटकलेला माणूस परत स्टेजवर कसा येतो ते नुसतं बघत राहायचं. घाबरला की तो आत लोळतो, दरवेळी लोळतो. ते एकदा लक्षात आलं की पुढच्या वेळी तो लोळायच्या आधीच मी फॉरवर्ड स्मॅश या जड फटक्याची तलवार उगारतो. तिला खाली यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. नंतर बघून ती लागतच नाही, आधी ओळखूनच मारावी लागते. आणि लागली की दुकानातले सगळे ओरडतात. हे सुख मला दुसऱ्या कुठल्या कॅरॅक्टरमध्ये मिळालेलं नाही.

आता दुखणं. आमच्याकडे सॅमस हे कॅरॅक्टर चांगलं खेळणारी एक आहे आणि स्टीव्ह खेळणारा एक. दोघांपैकी एक तरी वाटेत येतोच.

सॅमसचा सामना असा होतो: ती लांब उभी राहून चार्ज शॉट (बंदुकीचा मोठा गोळा) भरून ठेवते आणि मग सोडतच नाही. नुसती मिसाइल टाकत राहते. मी शील्ड धरत धरत पुढे सरकतो. जवळ पोचलो की ती मागे उडी मारून बाँब टाकते. मी उडी मारली की भरून ठेवलेला शॉट छातीवर. गॅनन धावतोही हळू आणि हवेतही हळू, त्यामुळे जे अंतर कापायला मला पाच निर्णय बरोबर घ्यावे लागतात, ते तिला परत मिळवायला एकच पुरतो. आणि एकदा स्टेजबाहेर गेलो की गॅननचं परत येणं किती दिव्य आहे हे खेळणाऱ्यांना माहीत आहे.

स्टीव्हबद्दल काय लिहू! तो खणत बसतो.

माझी मतंही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उत्तर देणं सोपं जाईल. स्टीव्हवर बंदी घालावी असं मला वाटत नाही. काही स्पर्धांनी घातली आहे, तरीही. 'ब्रॉल' या जुन्या स्मॅशमध्ये २०१२ साली मेटा नाइट या कॅरॅक्टरवर बंदी आली, काही स्पर्धांनी पाळली, काहींनी नाही, आणि एकाच गेमचे दोन गेम झाले. तो घोळ पुन्हा नको. दुसरं म्हणजे टिअर लिस्ट दाखवून हरण्याचं समर्थन करणारे मला आवडत नाहीत. तिसरं मत जरा जुनाट वाटेल: पहिला गेम हरला की लगेच भलतंच कॅरॅक्टर काढणं मला पटत नाही. माणसानं आपल्या एका कॅरॅक्टरवर उभं राहावं. 'मेली' या त्याहून जुन्या स्मॅशमध्ये आम्सा या खेळाडूने योशी घेऊन २०२२ ची 'द बिग हाउस १०' ही स्पर्धा जिंकलीच की.

तर प्रश्न असे:
गॅनन पूर्ण सोडू का?
जोडीला दुसरं कॅरॅक्टर घ्यायचं तर कोणतं? नोकरी आहे, नव्याने सगळं शिकायला महिनेच्या महिने देता येणार नाहीत.
स्टीव्हविरुद्ध गॅननने नेमकं करायचं काय?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.
— घाटावरचा गॅनन

*

तिखटमीठ:
धागा आवडला. पण तुमच्या मतांची एकमेकांशीच मारामारी चालली आहे. तुम्हाला बंदी नको, म्हणजे नियमात बसेल ते सगळं चालेल. टिअर लिस्टची सबबही नको. मग पहिला गेम हरल्यावर कॅरॅक्टर बदलणं हेसुद्धा नियमातच आहे ना? काउंटरपिकची पद्धतच त्यासाठी आहे: जिंकलेला स्टेज बॅन करतो, हरलेला स्टेज निवडतो, मग जिंकलेला आधी कॅरॅक्टर सांगतो आणि हरलेला ते बघून आपलं सांगतो. नियमाने हरलेल्याच्या हातात दिलेलं हत्यार तुम्ही तत्त्व म्हणून खाली ठेवताय. ठेवा बापडे, पण मग सॅमसबद्दल कुरकुर करू नका.

आम्साचं उदाहरणही इथे लागू पडत नाही. योशी कमकुवत आहे असं लोकांना वाटत होतं. आम्साने वर्षानुवर्षं खणून त्याच्यात किती आहे ते दाखवलं. ॲक्स या खेळाडूने पिकाचू घेऊन २०१९ मध्ये 'स्मॅश समिट ८' ही स्पर्धा जिंकली तेही तसंच. त्या कॅरॅक्टरमध्ये पाणी होतं, विहीर खोल होती. अल्टिमेटच्या गॅननमध्ये लपलेलं काही उरलंय असं त्याच्यावर जीव टाकणारेही म्हणत नाहीत. आणि शेवटचा बॅलन्स पॅच (कॅरॅक्टरांची ताकद कमीजास्त करणारा अपडेट) डिसेंबर २०२१ चा. आता वरून कोणी मदतीला येणार नाही.

*

मावळा८९:
+१. शिवाय एकनिष्ठेचं हे कौतुक वरच्या पातळीवर कधीच नव्हतं. एमकेलिओ या खेळाडूने 'इव्हो २०१९' ही स्पर्धा लूझर्समधून (एकदा हरलेल्यांच्या फळीतून) येऊन जोकर हे कॅरॅक्टर घेऊन जिंकली आणि २०२१ मध्ये बायलेथ घेऊन मोठ्या स्पर्धा मारल्या. त्याला कोणी बेइमान म्हटलं नाही. ८९ फायटर दिलेत ते शोभेला नाहीत.

माझं मत: बाउजर घ्या. तुमचं डोकं जड कॅरॅक्टरसारखं चालतं, ते वाया जाणार नाही. वजन १३५, म्हणजे गेममध्ये सर्वांत जड, तुमच्या गॅननपेक्षाही जड. तरी धावतो चांगला. शील्डमधून अप-बी (वर आणि बी बटण दाबून येणारा फटका) सहाव्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, निघतं, त्यामुळे अंगावर येणाऱ्याला जागेवर उत्तर मिळतं. ही चैन गॅननवाल्याला कधी मिळालीच नाही.

*

निवृत्त_मार्थ:
मावळा, सॅमसविरुद्ध बाउजर? एवढं मोठं अंग घेऊन मिसाइल झेलत जायचं? तिथे तोही सुखात नसतो. रोगावर औषध द्या, रोग्याच्या आवडीवर नको.

घाटावरचे, तुमचा त्रास दोन भागांत आहे. एक, लांबून येणारं थोपवता येत नाही. दोन, उडी मारल्यावर हवेत वेग नाही. दोन्हींचं उत्तर वुल्फ आहे. रिफ्लेक्टर (आलेला मारा परतवणारा) आहे, हवेत झपाट्याने सरकतो, हातात स्वतःची बंदूक आहे. सॅमसने भरून ठेवलेला शॉट एकदा तिच्याच अंगावर परतवलात की पुढच्या वेळी सोडताना ती विचार करते, आणि तो विचार करण्यातच तुमचं अंतर कापून होतं. शिकायला फार अवघड नाही. बॅक एअर, ब्लास्टर आणि डाउन स्मॅश या तीन हल्ल्यांवर स्थानिक पातळीवर बरंच चालतं. स्टेजवर परत येणं भिकार आहे, पण गॅननवाल्याला त्याचं काय कौतुक.

रिफ्लेक्टरवर अवलंबून राहायचं नसेल तर पॅरी (नेमक्या क्षणी फटका थोपवणं) शिका. अल्टिमेटमध्ये शील्ड धरताना नाही, सोडताना पॅरी होते. सोडल्यापासून पाच फ्रेमच्या आत फटका आला पाहिजे. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे बारावा हिस्सा. साध्या मिसाइलवर रोज थोडा सराव केला तर हात बसतो. हे गॅननसकट सगळ्यांना लागू आहे, आणि बरेच लोक आळसाने शिकत नाहीत.

*

पुण्याचा_परदेशी:
वाचून मजा आली. आमच्याकडे स्मॅशचं दुखणं वेगळंच: स्विच बाहेरून मागवायचा, आणि ऑनलाइन खेळायचं तर लॅगमध्ये पॅरी वगैरे विसरा. म्हणून आमचा ग्रुप 'ब्रॉलहाला' या तशाच दुसऱ्या गेमकडे वळला, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. तिथे हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. प्रत्येक लेजंडकडे (तिथल्या कॅरॅक्टरकडे) दोन शस्त्रं असतात आणि तीच शस्त्रं इतरांकडेही असतात. तलवार एकदा हातात बसली की लेजंड बदलला तरी सिग्नेचर (त्याचे खास फटके) तेवढ्या नव्या शिकायच्या. स्मॅशमध्ये मात्र दुसरं कॅरॅक्टर घेतलं की पाटी बरीचशी कोरी.

म्हणून मी म्हणतो, बदलू नका. नोकरी सांभाळून दोन कॅरॅक्टर म्हणजे दोन्ही अर्धवट. (अनुभव नाही, निरीक्षण आहे. मारू नका.)

*

तिखटमीठ:
पुणेकर, पाटी कोरी कशी? लेजवरून कोण कसं येतं ते ओळखणं, अंतर, शील्ड, स्टेजची निवड हे सगळं सोबत येतं. नवं फक्त बटणांचं असतं. घाटावरचे यांचं बलस्थानच समोरचा माणूस वाचणं आहे, ते वुल्फ घेतला म्हणून पुसलं जाणार नाही.

स्टीव्हबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तुमचं "तो खणत बसतो" हे वाक्य पूर्ण करा: तो खणत बसतो आणि तुम्ही लांबून बघत बसता. खणून मिळणारं लोखंड नसेल तर त्याला ॲनव्हिल (ऐरण) टाकता येत नाही. प्रत्येक स्टॉकच्या सुरुवातीला त्याला किती निवांतपणा मिळतो यावर सामना ठरतो. त्याच्या ब्लॉकच्या भिंतीला घाबरून थांबू नका, जड फटक्यांनी ब्लॉक फुटतात आणि जड फटके तर तुमच्याकडे पोत्याने आहेत. त्याची उडीही आखूड आहे, हवेत तो तुमच्याइतकाच अवघडलेला असतो. सामना वाईटच आहे, पण सॅमसइतका निराशेचा नाही. तिथे गॅनन ठेवा.

बंदीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या विरोधात आहे. २०१८ च्या 'इव्हो'त 'स्मॅश फोर'ची (अल्टिमेटच्या आधीच्या गेमची) फायनल आठवते? दोन्हीकडे बायोनेटा हेच कॅरॅक्टर आणि प्रेक्षक हुर्यो करताहेत. बघणाऱ्यांना कंटाळा आला की गेम आतून रिकामा होतो. तुमच्या दुकानात वीस माणसं येत असतील आणि स्टीव्हमुळे पाच यायची थांबत असतील, तर आयोजकाने तत्त्व बघावं की खुर्च्या?

*

घाटावरचा गॅनन:
सगळ्यांचे आभार. तिखटमीठ, एकमेकांशी मारामारी म्हणालात ते टोचलं, पण बरोबर आहे. काउंटरपिकबद्दलचं माझं मत नियमातून आलेलं नाही, आवडीतून आलंय, हे कबूल. खुर्च्यांचा मुद्दा मात्र पटला नाही. आमच्याकडे गर्दी कमी होते ती स्टीव्हमुळे नाही, पार्किंगमुळे.

ठरवलंय ते असं: सॅमसपुरता वुल्फ, बाकी सगळ्यांना गॅनन. बाउजर मोह पाडतोय, पण तो घेतला तर गॅननला हात लावणार नाही अशी भीती आहे.

एक शेवटचं. सॅमसवालीला माहीत आहे की मी गॅनन खेळतो. पहिल्याच गेमला वुल्फ काढू की हरल्यावर?

*

निवृत्त_मार्थ:
पहिल्याच. पहिल्या गेमला डबल ब्लाइंड मागा, नियमात तो हक्क आहे: दोघांनी आपलं कॅरॅक्टर तिसऱ्या माणसाच्या कानात सांगायचं आणि मग तेच निवडायचं. ती गॅनन धरूनच बसली असेल. तिच्याकडेही दुसरं काही असेल तर तेही तेव्हाच कळेल. आणि स्टेज बाद करताना फायनल डेस्टिनेशन हे स्टेज सर्वांत आधी उडवा. सपाट मैदान तिचं आहे, तुम्हाला वर प्लॅटफॉर्म हवेत. स्मॉल बॅटलफील्ड मिळालं तर उत्तम.

*

मावळा८९:
आणि पुढच्या आठवड्यात निकाल इथेच टाका. बाउजर नाकारल्याबद्दल निषेध नोंदवत आहे.