वाहत्या जखमेवरून कापूस फिरवून काय कळणार?

लॅबवाली: काल इथे कुणी लिहिलं, "शुगरवाल्यांनी पायाला जखम दिसली की लगेच स्वॅब कल्चर करा, अचूक गोळी मिळते." राहवलं नाही. तेरा वर्षं कल्चरच्या, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून ओळखायच्या, प्लेटा बघतेय. पिवळ्या चिकट थरावरून फिरवलेला स्वॅब, म्हणजे कापसाची काडी, आला की तीन-चार जंतू उगवतात. ते वरवर राहणारे. त्रास देणारा आत, मांसात. जखम धुवा, मेलेलं मांस काढा, तळातून खरवडून मांसाचा तुकडा पाठवा. २०२३ च्या मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय सूचनाही तुकडाच घ्या म्हणतात. आणि लाली, सूज, ऊब, दुखणं, पू यांतलं काहीच नसेल तर कल्चर कशाला?

सांगलीकर: तालुक्याला तुकडा कोण काढणार? ड्रेसिंग सिस्टर करतात. बाबांच्या साध्या स्वॅबमध्ये स्युडोमोनस नावाचा जंतू निघाला, इंजेक्शन बदललं, आठवड्यात हिरवा पू थांबला. अंगठा वाचला. सूचना तुमच्याजवळ ठेवा.

लॅबवाली: हिरवा पू होता, म्हणजे संसर्ग होताच. म्हणून रिपोर्ट कामी आला. तुकडा जमत नसेल तर सलाईनने धुवून, स्वच्छ दिसणाऱ्या चौरस सेंटिमीटरभर जागेवर स्वॅब पाच सेकंद दाबून फिरवायचा, आतलं पाणी वर येईल इतका. सिस्टरना जमतं.

निवृत्त कंडक्टर: आधी मेडिकलवाले आवरा! चिठ्ठी न बघता अँटिबायोटिकची स्ट्रिप दिली, मी तीन दिवस खाल्ली. मग कल्चर केलं तर 'नो ग्रोथ', जंतू उगवलेच नाहीत. सगळे निर्धास्त, आणि जखम वाहतेय. दोन बोटं गेली.

मेडिकलवाला: चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पाच दिवसांचा कोर्स सांगितला तर दोन गोळ्या मागतात. बोटं शुगरने गेली, दुकानाने नाही.

निवृत्त कंडक्टर: शब्द मागे घ्या. पहाटे चारला पट्टी सोडली की घरभर वास सुटायचा. सून नाकाला पदर न लावता ड्रेसिंग करायची. तुम्ही मला शुगर शिकवता?

मेडिकलवाला: बोलायला नको होतं, माफ करा. पण सगळे एका माळेचे नाहीत. २०१४ पासून शेड्यूल एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या ठराविक औषधांच्या यादीचं, रजिस्टर आहे, मी रोज लिहितो.

निवृत्त कंडक्टर: तुम्ही लिहीत असाल. आमच्या कोपऱ्यावरचा नाही लिहीत.

लॅबवाली: काका, गोळी चालू असल्याचं फॉर्मवर लिहिलं होतं का? आमच्याकडे ती जागा कोरीच येते. जखमेच्या जागी नुसतं 'पाय'. गोळी पोटात असली की जंतू असूनही कधी कधी प्लेटवर उगवत नाहीत.

निवृत्त कंडक्टर: कुणी विचारलंच नाही.

सांगलीकर: बरं, पाच सेकंदांचं सिस्टरना सांगतो. तुकड्याचं अजून पटलेलं नाही.