वयामुळे मॅक्युला (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग) खराब होतो म्हणजे डोळ्यात नेमकं होतं काय?

रानजाई
आई ७४ ची आहे. दोन महिन्यांपूर्वी सहज म्हणाली, अगं खिडकीचा गज कोणी वाकवला. गज सरळच होता. मग तांदूळ निवडताना ताटाच्या मधोमध धुरकट दिसतं म्हणायला लागली, कडेचं सगळं नीट. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयेत त्यामुळे आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. डॉक्टरांनी ओसीटी (पडद्याचा स्कॅन) काढलं, एएमडी म्हणजे हाच वयाने मॅक्युला खराब होण्याचा आजार निघाला, उजव्यात ड्राय आणि डाव्यात वेट, डाव्याला इंजेक्शनं सुरू झालीत. कारण विचारलं तर "वय झालं" एवढंच, बाहेर चाळीस पेशंट बसलेले, त्यांना तरी वेळ कुठून मिळणार. पण वय तर शेजारच्या काकूंचंही झालंय, ८६, आणि त्या अजून सुईत दोरा ओवतात! आईने आयुष्यभर ब्लाऊज शिवले त्याने झालं का? मामा मोबाईलला शिव्या घालतोय. कोणाला आतलं माहीत असेल तर सोप्या भाषेत सांगा ना.

बटाटेवडा
मामाला सांगा मोबाईल निर्दोष आहे 😄 शिवणकामही. बारीक कामाने डोळे थकतात, मॅक्युला झिजत नाही. बाकी खडूफळा सर येऊन सांगतीलच.

खडूफळा
आलो. (कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.)

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिना) उजेड पकडणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या टोकाला नाण्यांसारखी चकत्यांची चळत असते. रोज वरच्या जुन्या चकत्या झडतात, साधारण दहावा हिस्सा, आणि खालून नव्या येतात. झडलेल्या चकत्या गिळून पचवायचं काम मागच्या आरपीई नावाच्या थराचं, आणि हा थर एकाच पेशीच्या जाडीचा. मोठेपणी या पेशी सहसा नव्या तयार होत नाहीत, म्हणजे सत्तर वर्षं तोच स्टाफ, सुट्टी नाही. त्यात चकत्यांमध्ये डीएचए नावाची चरबी भरपूर, वर सतत उजेड, ऑक्सिजनही भरपूर, तेल खवट होतं ना तसंच ते. जे पचत नाही ते लिपोफ्युसिन म्हणून पेशीतच साचत राहतं.

या थराच्या मागे ब्रुक्स मेम्ब्रेन, तिच्या पलीकडे रक्तवाहिन्या. पोषण इकडे आणि कचरा तिकडे याच मेम्ब्रेनमधून जातो. सिंकची जाळी समजा. वयाबरोबर ती जाड होते, चरबीने चिकट होते आणि मग कचरा अलीकडेच ढीग घालून बसतो, तेच डॉक्टरांना दिसणारे पिवळे ठिपके, ड्रुझेन. आरपीई मेला की त्याच्या भरवशावरच्या पेशीही मरतात, हा ड्राय. पडदा आजारला की व्हीईजीएफ नावाचं रसायन वाढतं, त्याने मागून नव्या रक्तवाहिन्या फुटून आत घुसतात, कच्च्या असतात, पाझरतात, हा वेट. आईंना गज वाकडा दिसला तो पडदा खालून असा उचलला गेल्यामुळे असणार. इंजेक्शन व्हीईजीएफलाच अडवतं, जाळी साफ करत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

आता काकूंचं. शरीरात कॉम्प्लिमेंट म्हणून एक संरक्षण यंत्रणा आहे, तिचा ब्रेक म्हणजे फॅक्टर एच. २००५ मध्ये सापडलं की या प्रोटीनच्या ४०२ व्या जागी टायरोसीन या घटकाऐवजी हिस्टिडीन असेल तर एएमडीचा धोका बराच वाढतो. ब्रेक नीट लागत नाही आणि कचऱ्याबरोबर घरावरही हल्ला होतो. १० व्या क्रोमोसोमवरही असाच एक धोक्याचा भाग आहे. माझ्या मते "वय झालं" हे निम्मंच उत्तर, निम्मं जन्मतःच मिळालेलं असतं.

रानजाई
सर _/\_ आता कळलं. म्हणजे मलाही होणार?

खडूफळा
धोका इतरांपेक्षा जास्त, पण होणारच असं नाही. पन्नाशीनंतर पडदा तपासून घेत जा.

पाणपोई
आमच्या बाबांना आहे, तीस वर्षं सिगारेट. आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण तेच म्हणे. कोणीतरी गाजराचा रस पाजा म्हणालं होतं, त्याने काही होत नाही. ल्युटीन-झिंकच्या गोळ्या मिळतात त्याही मधल्या टप्प्यावर असलेल्यांसाठी, तुम्ही आतापासून खाऊन उपयोग नाही. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी, सोडलेल्यांनीसुद्धा, बीटा कॅरोटीनवाली गोळी घेऊच नये, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, डॉक्टरांनी बाबांना मुद्दाम सांगितलं होतं.
एक करा, गणिताची चौकटीची वही आणा, मधे टिंब काढा, चष्मा लावून एकेक डोळा झाकून रोज बघायला लावा. रेघ नव्याने वाकडी दिसली की त्याच दिवशी फोन. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा झाकून नेतो, आमचे चार महिने असेच गेले.

रानजाई
आणली वही. उजव्याने सगळं सरळ. डाव्याने म्हणाली, मधल्या चार चौकटी कोणी खोडल्या? तारीख टाकून लिहून ठेवलंय, १८ ला दुसरं इंजेक्शन आहे तेव्हा वहीच घेऊन जाते.