मदत हवी आहे: धावत्या रेल्वेतल्या मोबाइलचा चॅनल, जेक्स मॉडेल कुठपर्यंत चालतं?

नमस्कार मंडळी, सोलापुरात एम.टेक. करतोय, प्रोजेक्ट आहे वेगानं जाणाऱ्या मोबाइलसाठी चॅनल एस्टिमेशन (टॉवरपासून मोबाइलपर्यंत येताना सिग्नल किती बदलतो याचा अंदाज). सिम्युलेशनला मोहोळ ते कुर्डुवाडी हा रेल्वेचा पट्टा धरलाय, स्पीड ताशी १३० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ३६ मीटर, कॅरिअर ३.५ गिगाहर्ट्झ. यात डॉप्लर (वेगामुळं फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) जास्तीत जास्त ४२० हर्ट्झच्या आसपास येतो आणि कोहेरन्स टाइम (चॅनल जवळपास तसाच राहतो तेवढा वेळ) जेमतेम १ मिलिसेकंद, म्हणजे आत्ता मोजलेला चॅनल दोन-तीन स्लॉटनंतर (सिग्नल पाठवायचे वेळेचे छोटे तुकडे) शिळा.

आता अडलंय कुठं ते सांगतो. क्लार्क-जेक्स या फेडिंगच्या (सिग्नलची ताकद भराभर कमीजास्त होण्याच्या) मॉडेलमध्ये सिग्नल मोबाइलकडे चारी बाजूंनी सारखाच येतो असं गृहीत असतं. नवी पेठेतल्या दाटीत ते पटतं, पण मोहोळ सोडलं की दोन्हीकडं ज्वारीची रानं नि मोकळा माळ, टॉवर थेट दिसतो, तिथं रायशियन मॉडेलच (थेट सिग्नल अधिक विखुरलेला सिग्नल) घ्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्यात टॉवर रुळापासून ५० मीटरवर धरला तर गाडी येताना डॉप्लर प्लस आणि पुढं गेली की मायनस, म्हणजे टॉवरच्या अलीकडच्या ५० मीटरपासून पलीकडच्या ५० मीटरपर्यंत, पावणेतीन-तीन सेकंदांत, तो +३०० वरून −३०० हर्ट्झवर येतो! थ्रीजीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संघटना) हायस्पीड ट्रेनच्या ओपन स्पेस प्रोफाइलमध्ये हा पलटा बरोबर दिलाय (तिथं वेग ताशी ३५० किमी), पण त्यात एकच टॅप (सिग्नल येण्याचा एकच मार्ग) आणि फेडिंग अजिबात नाही. जेक्समध्ये फेडिंग आहे तर पलटा नाही. मला दोन्ही एकत्र पाहिजे.

सध्या थेट मार्गाचा फेज बदलत्या डॉप्लरचं इंटिग्रेशन करून काढतो आणि त्यावर जेक्सचा विखुरलेला भाग मिसळतो. माझा कालमन फिल्टर (प्रत्येक नव्या मोजमापानं चॅनलचा अंदाज सुधारत नेणारी पद्धत) फर्स्ट ऑर्डर एआर मॉडेलवर (पुढची किंमत फक्त आधीच्या एका किमतीवरून) आहे, फ्रिक्वेन्सी ऑफसेट (डॉप्लरमुळं सरकलेली फ्रिक्वेन्सी) सुरुवातीला एकदाच काढलाय, त्यामुळं लांबवर छान चालतो नि टॉवरपाशी एरर एकदम उसळते. ऑफसेटलाच स्टेटमध्ये (फिल्टर ज्यांचा अंदाज घेतो त्या राशींत) घेऊन एक्स्टेंडेड कालमन (नॉनलिनिअर मॉडेलसाठीचा कालमन) करावा, की बेसिस एक्स्पान्शनकडं (बदलता चॅनल ठरावीक फंक्शनांची बेरीज म्हणून मांडणं) वळावं?

आणि के फॅक्टर (थेट आणि विखुरलेल्या सिग्नलच्या पॉवरचं गुणोत्तर) अख्ख्या पट्ट्यात एकच ठेवला तर चालेल का, का अंतराप्रमाणं बदलावा? टॉवरजवळ चॅनल किती मीटरपर्यंत स्टेशनरी (ज्याची सांख्यिकी बदलत नाही असा) धरता येतो, हे कुणी प्रत्यक्ष रेल्वेत मोजलं असेल तर प्लीज सांगा, पायथनमधला कोड लागला तर इथंच टाकतो.