मदत हवी आहे: ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार, आम्ल प्रक्रिया किती तास?

ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारे तोंड) ४ लिटर/तासाचे इनलाइन, म्हणजे नळीच्या आतच बसवलेले; दाब चौरस सेंटिमीटरला १ किलो. ३६ सेकंदांत ४० मिली पाणी पडायला हवे. सबमेनजवळ (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारी उपमुख्य नळी) ३९ पडते, नळीच्या टोकाला जेमतेम २६. फिल्टर स्वच्छ आहे, एंड कॅप उघडून फ्लश करूनही फरक नाही. ड्रिपर कापला तर आतल्या नागमोडी वाटेत पांढरा कडक थर दिसतो. आम्लाचा थेंब पडताच तो फसफसतो, म्हणजे कार्बोनेट. (कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे स्फुरदयुक्त खत एकत्र सोडल्यावर बसणारा फॉस्फेटचा साका असा फसफसत नाही.)

टोकाची झाडे भिजावीत म्हणून वेळ वाढवली, की सुरुवातीच्या झाडांखालून नायट्रेट झिरपून भूजलात जाते. तो उपाय नकोच.

बादलीत तपासले: याच पाण्याचा सामू (pH) ४ वर आणायला १० लिटरला ३३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ८ मिली लागते. आता अडते ते इथे: उभ्या पिकात आम्लाचे पाणी नळीत १२ तास ठेवावे की २४? दाब नियंत्रित ड्रिपरच्या रबरी पडद्याला हा सामू सोसतो का? पुढे दर महिन्याला हीच प्रक्रिया करावी, की रोजच्या पाण्याचाच सामू ६.५ वर ठेवावा?

क्लोरीन वेगळ्या दिवशीच सोडणार. आम्लात मिसळले तर विषारी वायू होतो.